म्हातारं माणूस

दुभाष्याचं काम म्हणजे सोपं, असं सगळ्यांना वाटतं. इकडचं ऐकायचं आणि तिकडे ओतायचं. वस्तीतल्या बाया मला पोपटीण म्हणतात ते त्यामुळेच, आणि मी चिडले की जास्तच म्हणतात. पण पोपटालाही नियम असतात. निर्वासितांच्या कचेरीनं पहिल्याच दिवशी माझ्याकडून शपथ घेतली होती की जे बोललं जाईल तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही आणि काही गाळणारही नाही. चार वर्षं आठ महिने मी ती पाळली, असं मी छातीवर हात ठेवून सांगत असे. त्या सोमवारी वहिनी पत्र घेऊन आली आणि तो हात खाली आला.

वहिनी नात्यातली नव्हे, शेजारची. आमची वस्ती म्हणजे एक बंद पडलेला ब्लँकेटचा कारखाना. आत प्लायवूड ठोकून खोल्या पाडल्या आहेत. भिंती छताला टेकत नाहीत, त्यामुळे एकाला शिंक आली की चौथ्या खोलीतून कुणीतरी औषध सांगतं. एका खोलीत मी आणि माझा मोठा भाऊ, दादा. पलीकडे वहिनी, तिची सासू आणि अकरा वर्षांची मुलगी. वहिनीचा नवरा इकडे येताना वाटेतच वारला. ती आता लाँड्रीत चादरींना इस्त्री करते, दिवसाला दोनशे, आणि जीभही तिची इस्त्रीइतकीच गरम.

पत्र कचेरीच्या भाषेत होतं. उभ्या उभ्याच म्हणाली की लवकर वाच आणि सांग, सामान कधी बांधायचं ते. मी वाचलं. पहिल्या यादीची फेरतपासणी झाली आहे, आपल्या कुटुंबात प्रौढ पुरुष असल्यानं आपण या यादीत बसत नाही, हरकत असल्यास अकरा दिवसांनी मुलाखतीला यावं.

याद्यांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथून कायमचं राहायला ज्या देशात नेतात, तिथे जायच्या तीन याद्या आहेत. ज्या घरात पुरुष नाही अशा बायकामुलांची पहिली. पुरुष असलेल्या घरांची दुसरी. एकट्या पुरुषांची तिसरी. पहिली तीन महिन्यांनी हलते, दुसरी वर्षाकाठी, आणि तिसरी हललेली कुणी पाहिलेली नाही. वहिनी विधवा म्हणून नुकतीच पहिलीत लागली होती, तेव्हा तिचं कार्ड कुणी ताडून पाहिलं नव्हतं. घरात पुरुष असला की बाईला आधार असतो, असा त्यामागचा हिशेब. ज्यानं हे लिहिलं त्याला आमच्या रांगेतल्या शेवटच्या खोलीतला बेवडा एक रात्र आधाराला द्यायला हवा होता.

पत्र ऐकून वहिनी आधी हसली. म्हणाली, पुरुष कुठे सापडला ते विचार आणि इकडे पाठवून दे म्हणावं, पाण्याचे कॅन चढवायला हवाच आहे. मग तिचं लक्ष मुलीकडे गेलं आणि हसू मावळलं. मुलीची छाती दर थंडीला भरून येते. गेल्या थंडीत दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आणि डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं की या ओल्या कारखान्यात आणखी एक थंडी काढू नका.

मी तिचं रेशन कार्ड मागून घेतलं. तिच्यासाठी ते नुसतं पिवळं कागदाचं चिटोरं, कारण वाचता येत नाही. तीन ओळी होत्या. वहिनी, स्त्री. मुलगी, स्त्री. तिसऱ्या ओळीत आजीचं, म्हणजे वहिनीच्या सासूचं नाव, वय चौसष्ट आणि पुढे ठसठशीत: पुरुष. कुटुंबप्रमुख. फोटोच्या चौकटीत शिक्का, आजारी असल्यानं नंतर घ्यावा. तो कुणी कधी घेतलाच नव्हता. आमच्याकडची नावं बाईची की बुवाची हे कचेरीला कळत नाही, त्यामुळे नावानंही कुणाला शंका आली नव्हती.

आणि मला एकदम ते दाढीचं सामान आठवलं. कचेरी दर तीन महिन्यांनी माणशी एक पिशवी वाटते, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. आजीच्या पिशवीत तीन वर्षं रेझर आणि दाढीचा साबण येत होता, आणि आजी तो न चुकता दादाला आणून देत होती, की घे लेका, कचेरीला वाटतंय मला मिशा फुटल्यात. आम्ही पोट धरून हसायचो. दादा तर रोज दाढी करायला लागला होता. माझ्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं आणि मी, कचेरीत बसणारी शहाणी, मला कधी वाटलं नाही की ते कार्ड एकदा वाचून बघावं.

मग उरलेलंही आठवलं. तीन वर्षांपूर्वीची पहिली नोंदणी. तंबूत टेबल, दिवसाला चाळीस मुलाखती, समोर ही बाई, तेव्हा माझ्या ओळखीचीही नव्हती. साहेबांनी फॉर्मवरचा प्रश्न विचारला की घरात प्रौढ पुरुष आहे का. आता तुम्हीच सांगा, नवरा जाऊन महिना झालेला नाही अशा बाईला तोंडावर असं विचारायचं? आपल्यात असं विचारणाऱ्याला चपलेनं मारतील. म्हणून मी जरा मऊ करून विचारलं, घरात कुणी मोठं माणूस आहे का.

ती म्हणाली, "आहे की. म्हातारं माणूस आहे घरात. त्याच्याच आधारानं दिवस काढतेय."

मला वाटलं, सासरा. मी तसंच सांगितलं, घरात एक वयस्कर पुरुष आहे आणि त्याच्या आधारानं राहतात. साहेबांनी रकाना भरला आणि पुढचा नंबर पुकारला. नाव-वय नंतर कारकुनानं कागदांवरून उतरवलं, ते माझ्या कानावरही आलं नाही. म्हातारं माणूस म्हणजे बाई की बुवा, हे आपल्या भाषेत विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला मला वेळ नव्हता. लोक ध चा मा करतात, मी म्हातारीचा म्हातारा केला.

हे सगळं मला वहिनीच्या समोर उभी असतानाच कळलं. सांगायला हवं होतं. मी म्हणाले, कचेरीची काहीतरी चूक झालीय, बघते मी.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. कारण सांगते. दुभाष्याची चूक सापडली की त्याला त्याच दिवशी काढतात आणि त्याच्या हाताखालून गेलेली प्रत्येक फाइल पुन्हा उघडतात. ते एक. दुसरं म्हणजे, पाच वर्षं पूर्ण केलेल्या दुभाष्याची कचेरी स्वतः शिफारस करते, आणि त्याच्याबरोबर एका नातेवाइकाला जाता येतं. मला चार महिने उरले होते, आणि तो नातेवाईक दादा होता. दादा सात वर्षं तिसऱ्या यादीत आहे. मी दुसरीत आहे, कारण माझ्या कार्डावर शेरा आहे, पुरुष नातेवाईक सोबत. पण मोठी झालेली भावंडं म्हणजे कुटुंब नव्हे, असंही नियमच सांगतो. म्हणजे मला अडवायला तो पुरेसा नातेवाईक आहे, माझ्याबरोबर यायला पुरेसा नाही. मी हे एकदा साहेबांना समजावायला गेले तर ते म्हणाले, मुद्दा चांगला आहे, लिहून द्या. लिहून दिला. त्याला पाच वर्षं झाली.

संध्याकाळी दादा गोदामातून आला. तिथे तो पेट्या उचलतो. हातपाय धुऊन टेकला तेव्हा मी सगळं सांगितलं. आधी तो हसला, रेझरांवरून. मग त्याच्याही डोक्यात पुढचं आलं असणार, कारण तो आपली नखं बघत बसला. मी म्हटलं, यातून एक वाट आहे. तो म्हातारा वारला असं सांगायचं. कागदावरचा म्हातारा कागदावरच मरेल, कुणाचं काही बिघडणार नाही, माझी झाकली मूठ राहील आणि वहिनी पुन्हा पहिल्या यादीत. दादा म्हणाला, तुला काय ते ठाऊक. मला तेवढंच हवं होतं. मी तडक शेजारी गेले.

आजीचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती खाटेवरूनच राज्य करते. मी म्हटलं की तुमच्या कार्डावर चुकून एक म्हातारा लागला आहे, तो वारला म्हणून सांगून टाकू. आजीला गंमत वाटली. म्हणाली, फुकटचा नवरा मिळाला होता तोही गेला म्हणायचा.

वहिनी चादरीची घडी घालत होती. तिचे हात थांबले. "म्हातारा वारला तर ते नाव खोडतील ना?" ती म्हणाली. "मग सासूबाई कुठल्या नावानं येणार?"

मी हा विचारच केला नव्हता. खरं सांगते, केला नव्हता. आपली मान सोडवायच्या घाईत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की कागदावरचा म्हातारा आणि खाटेवरची म्हातारी हे एकच नाव आहे. त्याला मारलं की ही मागे राहणार. दोघी जातील, आणि जिला दोन पावलं टाकायला भिंत लागते ती या कारखान्यात एकटी.

आजी मात्र आमच्या दोघींच्या आधी तिथे पोचली होती. तिनं पोरीला बाहेर पाठवलं आणि म्हणाली की मग खोडू दे. एवढं तोंड पाडायला काय झालं? माझं वय झालंय, मी कुठेही मरेन, पोरीच्या छातीचं बघा. वहिनीनं घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

ते अकरा दिवस मला शत्रूवरही यायला नकोत. दिवसा मी कचेरीत दुसऱ्यांच्या मुलाखतींना बसायची आणि प्रत्येक वाक्याला अडखळायची. कुणी माणूस म्हणालं की मी विचारायची, बाईमाणूस की पुरुषमाणूस? लोक माझ्याकडे बघायचे. एक म्हातारबाबा म्हणाले, पोरी, दिसत नाही का तुला? मॅडमनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? मॅडम म्हणजे आमच्या नव्या अधिकारी, चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलभर शोधणाऱ्या. वाईट नाहीत. नियमाच्या पुढे पाऊल टाकत नाहीत, आणि मागेही नाही.

घरी आलं की प्लायवूडच्या पलीकडून आजीचा आवाज. ती वहिनीला पढवत होती. मी शेजारीण म्हणून येईन, तू फक्त म्हणायचंस, वारले. वहिनीचं उत्तर ऐकू यायचं नाही. मी उठून चकरा मारायची. त्या खोलीत चकरा मारायला चार पावलं आहेत, पाचवं दादाच्या अंथरुणावर पडतं. एकदा तो म्हणाला, बस गं, डोकं गरगरतंय. त्यानं मला काही करू नकोस असंही सांगितलं नाही आणि कर असंही नाही. त्यानं स्वतःसाठी काही मागितलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

रकाना बदलून मिळाला असता का? मिळाला असता. पण चूक कशी झाली हे लिहून द्यावं लागतं आणि खाली सही लागते. वहिनीनं दोनदा विचारलं की कचेरीची चूक आहे तर कचेरी का निस्तरत नाही. दोनदा मी काहीतरी पुटपुटले. मला माझीच किळस आली होती.

मुलाखतीच्या दिवशी आजी आली. दादानं तिला पाठीवर घेऊन बसपर्यंत सोडलं, पुढे आम्ही दोघींनी धरून आणलं. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग आणि रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा. मॅडमनी विचारलं की या कोण. आजी म्हणाली, शेजारीण, हिला एकटीला भीती वाटते. मी सांगितलं, शेजारीण. जे बोललं जाईल तेवढंच.

मॅडमनी फाइल उघडली. इथे एक वयस्कर पुरुष कुटुंबप्रमुख म्हणून आहेत, ते कुठे आहेत? मी विचारलं. वहिनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली, जणू तिथे चुणी होती. मॅडमनी पुन्हा विचारलं, मीही पुन्हा विचारलं. तिचा अंगठा कडेवरून परत मागे गेला.

तेव्हा आजी बोलली. तिचा आवाज स्वच्छ होता, अकरा दिवस घोकलेला. "वारला. गेल्या थंडीत. मी होते तिथे. या दोघींना आता कुणी नाही, असं सांग त्यांना."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. पेन तयार होतं. मला फक्त चार वाक्यं पलीकडे न्यायची होती. नेली असती तर शपथही मोडली नसती, कारण जे बोललं गेलं तेवढंच मी सांगणार होते. नियमानं वागले असते तर आजी मेली असती. मला दादाचा चेहरा दिसला, नाही म्हणत नाही. चांगला स्पष्ट दिसला.

मी म्हणाले, "मॅडम, पुरुष कुणी नव्हताच. तो पुरुष म्हणजे या समोर बसल्या आहेत त्या. चूक मी केली."

त्यांनी चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर घेतला. "हे तुम्ही दुभाषी म्हणून सांगताय की स्वतःचं?"

"स्वतःचं."

मग त्यांनी मला त्या खुर्चीवरून उठायला सांगितलं. रागावून नव्हे, नियमच तसा आहे. प्रकरणात ज्याचा हात आहे त्याला दुभाष्याच्या खुर्चीत बसता येत नाही. मी उठले आणि टेबलाच्या त्या बाजूला, आजीशेजारी जाऊन बसले. त्या बाजूनं खोली लहान दिसते, हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. तिथे बसून मी सगळं सांगितलं. मऊ करून विचारलेला प्रश्न, म्हातारं माणूस, सगळं. मॅडम लिहीत राहिल्या. एकदा त्यांनी विचारलं की तुमच्या भाषेत बाई आणि पुरुष दोघांनाही एकच शब्द कसा. मी म्हटलं, तुमच्या फॉर्ममध्ये बाईला आधार बाईचाही असतो याला रकाना कसा नाही? तेही त्यांनी लिहिलं की नाही, दिसलं नाही.

आजीला यातलं अक्षर कळलं नव्हतं. ती मला कोपरानं ढोसत होती, काय सांगितलंस, एवढं काय बोलतेयस. मी तिला तिच्या भाषेत सांगितलं.

तिनं माझ्या दंडावर फटका मारला. साधा नाही, चांगला सणसणीत. "तुला कुणी विचारलं होतं गं? मी मेले होते ना सुखानं! सुटल्या होत्या दोघी."

मॅडमनी विचारलं, या काय म्हणाल्या? मी आता दुभाषी नव्हते.

वहिनी तेव्हा बोलली. सासूला म्हणाली, की गेलो तर तिघी जाऊ, नाहीतर तिघी इथेच चादरींना इस्त्री करू, तुम्ही आता मरायचं बंद करा. मग माझ्याकडे वळली. "आणि तू. अकरा दिवस माहीत होतं तुला?" ती रडत होती की हसत होती कुणास ठाऊक, पण कागदी रुमालांचा तो डबा तिनं माझ्याकडे सरकवला.

त्या दिवशी संध्याकाळी माझं गळ्यातलं कार्ड जमा झालं. माझ्या तीन हजारांवर फायली बाहेर निघाल्या. सतरा घरांत म्हातारा म्हणून लिहिलेली म्हातारी निघाली, त्यातली एक तोवर खरंच वारली होती. तिची सून मला नळावर भेटली. मला बघून बादली उचलून निघून गेली. पोपटीण म्हणायचंही आता बायांनी सोडलं. मला ते म्हणतील तर बरं, असं व्हायला लागलं.

दादा म्हणाला, बरं केलंस. आणि तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. दोन्ही मनापासून होतं. चौथ्या दिवशी बूट घालता घालता त्याचा बांध फुटला.

"आजीला बाई म्हणून नेतील. उद्या तुलाही नेतील, मी मेलो तर. मला काय म्हणून ठेवलंय इथे? त्या गोदामात गेल्या वर्षी माझ्या बरगड्या मोडल्या त्या कुठल्या रकान्यात बसतात?"

बायकांना आधी न्यावं हे मला पटतं, मी त्या वाटेनं आलेय, काय होतं ते मला माहीत आहे. पण पुरुष आहे म्हणून दादाला कुणी मारत नाही आणि तो कुणालाही पुरून उरतो, हा हिशेब खोटा आहे, आणि एवढं तरी मला त्याला सांगता आलं असतं. मी म्हटलं, चूक माझी आहे. तो म्हणाला, तुझी एवढी मोठी चूक करायची ऐपत नाही. आणि कामावर गेला.

आजीनं माझ्याशी दीड महिना बोलणं टाकलं. दादाला मात्र हाक मारायची, लेका, जरा उचल रे मला. तो तिला दवाखान्यात न्यायचा, पाणी भरायचा, तिच्या शिव्या ऐकायचा. फोटो काढायलाही त्यानंच नेलं. नवं कार्ड आलं तेव्हा तिनं ते माझ्यासमोर आपटलं, वाच म्हणाली. दीड महिन्यातला पहिला शब्द. मी वाचलं, स्त्री. कुटुंबप्रमुखाच्या जागी वहिनी. आजीपुढे लिहिलं होतं, अवलंबून.

"म्हणजे पुरुष होते तोवर मी घर चालवत होते," आजी म्हणाली, "आणि बाई झाले तशी ओझं झाले."

थंडीला तोंड फुटायच्या आत पहिल्या यादीत तिघींची नावं लागली. वहिनीनं जाताना मला तिची इस्त्री दिली. लाँड्रीतली जागाही माझ्यासाठी बोलून ठेवली होती. दोनशे चादरी, पाठ मोडेल, पण खोटं बोलावं लागत नाही, असं म्हणाली. ते मला लागलं आणि तिनं ते लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

बस सकाळी आठला फाटकाशी लागली. शेवटची तपासणी तिथेच होते. एक कारकून यादी घेऊन उभा, बाजूला नवी दुभाषी, नुकतीच लागलेली, कान टवकारून. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की मागच्या खेपेला एक कुटुंब दारातूनच परत पाठवलं होतं. निरोप द्यायला आलेला चुलतभाऊ गळ्यात पडून रडला आणि कारकुनानं शेरा मारला, पुरुष सोबत असल्याचा संशय. म्हणून ठरलं होतं की दादानं यायचं नाही. घरीच निरोप घ्यायचा.

पण आजीला फाटकापर्यंत चालवेना. मला आणि वहिनीला ती पेलेना, बोचकी होती ती वेगळीच. दादानं कुणाला विचारलं नाही. तिला पाठीवर घेतलं, दोन्ही बोचकी हातात धरली आणि बसच्या पायरीपर्यंत नेलं. तिथे त्यानं तिला अलगद उतरवलं. आजीचा हात त्याच्या खांद्यावरच राहिला. मुलीनं त्याच्या शर्टाचं टोक धरलं होतं.

कारकुनानं यादीवरून मान वर केली. दुभाषीला काहीतरी विचारलं. तिनं आमच्या भाषेत विचारलं, "हा तुमचा कोण?"

वहिनी पांढरी पडली. मुलीनं शर्ट सोडला. आजीनं तोंड उघडलं, आणि तिला शब्द सापडेना, जिला तीन वर्षांत कधी शब्द कमी पडला नव्हता.

दादा कचेरीच्या भाषेत म्हणाला, "हमाल." तेवढा शब्द वस्तीत सगळ्यांना कळतो. आणि त्यानं आजीपुढे तळहात पसरला.

आजी त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं स्वेटरचा खिसा चाचपला, एक नाणं काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. दुभाषी बघत होती. आजीला एवढंच बोलता आलं, "सांभाळून जा हो, हमाल."

कारकुनानं तीन खुणा केल्या. पायरी उंच होती. पैसे घेतलेला हमाल म्हणून दादा आता तिला उचलून चढवू शकत नव्हता, त्यामुळे वहिनीनं वरून ओढलं आणि मी खालून ढकललं. बस निघाली तेव्हा तो दुसऱ्या कुणाचं बोचकं उचलायला वाकला होता, कारण कारकून अजून तिथेच उभा होता.